वरचा एक तास

कडुनिंबाची पानं गळायला लागली की माझं उजवं मनगट दुखायला लागतं. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं, काहीच निघालं नाही. "वय झालं," म्हणून त्यांनी एक मलम लिहून दिलं. आमचे हे म्हणतात, "मोबाइल कमी बघ." दोघांना काय सांगायचं, कप्पाळ! तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांतल्या एका गोष्टीपायी, मी हे दुखणं खोटं खोटं सांगितलं होतं. आता ते खरं झालंय आणि दर मार्चला न चुकता येतं.

जयपूरचा मार्च तसा देखणा असतो. सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी पंखा लागतो. आमच्या जगतपुऱ्याच्या रस्त्यावर सावरीची लाल, मांसल फुलं धपकन पडतात आणि स्कूटरच्या चाकाखाली चिरडून चिकट होतात. होळीचा गुलाल जिन्याच्या कोपऱ्यांत अजून असतो. गणगौरीचं व्रत करणाऱ्या मुली भल्या सकाळी गाणी म्हणत दूर्वा खुडायला निघतात, आणि त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर हातात वही धरून ओठ हलवत उभ्या असतात. प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात पेन, प्रवेशपत्र. कुणाच्या कपाळावर आईनं लावलेला दह्याचा ठिपका. परीक्षेची पोरं कुठल्याही गावची असोत, सारखीच दिसतात. घाबरलेली आणि भुकेली.

मला लहानपणी हे दिवस फार आवडायचे. आम्ही सांगलीकडचे. वार्षिक परीक्षा म्हणजे सकाळची शाळा, घरात कैरीचा वास, आणि पेपर देऊन आल्यावर ओसरीवर पालथं पडून राहणं. माझं अक्षर सुंदर. बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. बारावीला बरे मार्क पडले, कॉलेजात नाव घातलं आणि सहा महिन्यांत लग्न ठरलं. "तिकडं जाऊन पूर्ण कर," असं सगळे म्हणाले. तिकडं म्हणजे इथं. सत्तावीस वर्षं झाली. हे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, आजूबाजूला सगळे प्राध्यापक, सगळ्यांच्या बायका एम.ए., एम.एस्सी. सुरुवातीला कुणीतरी विचारलं, तेव्हा हे सहज म्हणून गेले, "ग्रॅज्युएट आहे की." मी तेव्हा चहाचा ट्रे धरून उभी होते. मी काही बोलले नाही, आणि पुढं बोलायची वेळच गेली. माझं शिक्षण बारावीला संपलंय हे या गावात यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

आमचं इथं मराठी मंडळ आहे. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, शिवाय छावणीत बदलून आलेली फौजी कुटुंबं. गणपती, कोजागिरी, पाडवा. गणपतीत दरवर्षी एका रात्री शुभांगी मोहिते अभंग म्हणायची. जन्मापासून दोन्ही डोळ्यांनी अंध. वडील हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, मूळचे पाटणकडचे. शेवटची पोस्टिंग इथं होती आणि मुलीची अंधशाळा इथं होती, म्हणून ते इथंच राहिले. सांगानेरला हातकागदाच्या कारखान्यात फाटकावर पहाऱ्याची नोकरी. बायको आधीच गेलेली.

शुभांगीला कुणीतरी कोपराला धरून स्टेजवर न्यायचं. ती म्हणायची, आम्ही डोळे पुसायचो, नारळ आणि शाल. मग जेवणं. ती एका कडेच्या खुर्चीवर मांडीत ताट घेऊन बसलेली असायची आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "किती गोड गळा गं!" ताटातली भाजी संपलीय का, हे कुणी बघायचं नाही. काय शिकतेस, कुठं राहतेस, घरी कशी जाणार, काही विचारायचं नाही. मी कुणाला नावं ठेवू? मीही डोक्यावर हात ठेवणारीच होते.

त्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर आमच्या सेक्रेटरी, दामले डॉक्टरीणबाई, यांचा मेसेज आला. आपली शुभांगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला परीक्षेला लेखनिक हवा. खाली पटापट हात जोडलेली चित्रं, फुलं, "खूप अभिमान वाटतो." मग पुढचा मेसेज आला. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम आहे. जास्त शिकलेला असला तर तो स्वतःचंच ज्ञान लिहील, ही भीती. पदवीधर चालणार नाही, बारावी पास हवा. आणि ग्रुप गप्प झाला. सगळे उच्चशिक्षित! मुलं होती, पण ती कोट्याच्या नाहीतर इथल्या क्लासांत अडकलेली. आठ दिवस त्या मेसेजखाली काहीही आलं नाही.

त्या आठ दिवसांत मी काय काय विचार केला ते माझं मला माहीत. सकाळी गॅलरीतली निंबाची पानं झाडायची, दुपारपर्यंत पुन्हा तेवढीच पडायची. अख्ख्या मंडळात तिच्या उपयोगाची एकटी मीच आहे, आणि तेही माझ्या कमीपणामुळं, हे मला कळत होतं. नवव्या दिवशी सी-स्कीममधल्या दामलेबाईंच्या दवाखान्यात गेले आणि सांगून टाकलं.

"अय्या!" त्या म्हणाल्या. "आम्हाला तर वाटायचं..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फार गोड हसल्या. घरी येईपर्यंत रिक्षात माझे कान गरम होते. चांगलं काम करायला निघालेय, असं मनाला कितीदा बजावलं, पण त्या न पुऱ्या केलेल्या वाक्याचा राग काही गेला नाही. तो पुढं महागात पडणार होता, हे मला कुठं ठाऊक!

सरावाला मी सांगानेरला जायचे. कारखान्याच्या मागं एका खोलीचं घर. बाहेर दोऱ्यांवर वाळत घातलेले कागदाचे ओले ताव, भिजलेल्या कापडाच्या लगद्याचा आंबूस वास. शुभांगी खाटेवर बसलेली, मोबाइलवर पुस्तक ऐकत. इतक्या वेगात की मला नुसती चिवचिव ऐकू यायची. "काकू, मतलब साध्या स्पीडला ऐकलं तर सिलॅबस कधी पुरा होणार?" असं म्हणून ती हसायची. तिचं मराठी असंच, बापाचं पाटण आणि शाळेचं जयपूर मिसळलेलं.

पहिल्याच दिवशी तिनं मला नियम सांगितले. "मी सांगेन तेच लिहायचं. चुकीचं सांगितलं तरी तेच. तुम्ही आपल्या मनानं काही घालायचं नाही." बाकावर बोटानं एकदा टकटक केलं की पूर्णविराम, दोनदा केलं की नवा परिच्छेद. मी जरा भरभर लिहिता यावं म्हणून हातातल्या बांगड्या काढायला लागले, तर म्हणाली, "नका काढू. बांगड्या वाजतात ना, त्यावरून मला कळतं तुमचा हात ओळीवर कुठपर्यंत पोचला. त्या हिशोबानं मी सांगते." मी बांगड्या परत चढवल्या. त्यानंतर आमची अशी काही लय बसली, की विचारू नका. ती बोलायची, बांगड्या किणकिणायच्या, बोट टकटकायचं. मी हिंदीतून राज्यशास्त्र लिहीत होते, इतिहास लिहीत होते. चोवीस वर्षांनी कुणीतरी मला वर्गात बसवलं होतं. आनंद झाला होता हो मला, खरंच सांगते.

हवालदार मोहिते दारात उभे राहून ऐकायचे. एकदा मला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, यंदा बी.ए. झाली तर बी.एड.ला घालायची. अंधशाळेत मास्तरीण हुईल. न्हाई झाली तर मात्र बास. हिला हात धरून न्यायला-आणायला मी डूट्या बदलून घेतो, त्यो मालक कावलाय. मग हितंच कागद निवडाया बसवायची." त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. थकलेला माणूस होता तो. पण अट स्पष्ट होती, आणि शुभांगी आतून ऐकत होती.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली दिलेली, जिन्याखालची. एका बाजूला मोडक्या बाकांची चळत, खिडकीत कबुतरं. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या बाबूनं माझी बारावीची गुणपत्रिका उलटीपालटी करून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "सिर्फ बारहवीं?" तो शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला. प्रत्येक पेपरला हीच तपासणी. प्रत्येक पेपरला मी साडीचा पदर नीट करत उभी.

नियमाप्रमाणे शुभांगीला दर तासामागं वीस मिनिटं जास्त. तीन तासांच्या पेपरला वरचा एक तास. तसा परवानगीचा कागद ऑफिसात दिलेला होता. तरी रोज त्या वरच्या तासासाठी रडगाणं. पर्यवेक्षक कुरकुरायचे, शुभांगी मान ताठ ठेवून नियम सांगायची, मग कुणीतरी ऑफिसात जाऊन यायचं आणि आम्हाला तास मिळायचा. मी यात काही बोलत नसे. मला बोलावं लागलंच नाही.

शेवटचा पेपर राज्यशास्त्राचा. त्या दिवशी पर्यवेक्षक नवे होते. पन्नाशीचे, सौम्य, केस नीट विंचरलेले. त्यांनी माझे कागद पाहिले नाहीत, ते ऑफिसातच पाहून झाले होते. दाराजवळच्या टेबलापाशी ते वर्तमानपत्र वाचत बसले. बाहेर वारा सुटला होता आणि निंबाची वाळकी पानं व्हरांड्यातून खरखरत जात होती. तीन तासांची घंटा झाली तेव्हा दोन मोठे प्रश्न राहिले होते. दोन्ही तिला पाठ. तिनं मुद्दाम शेवटी ठेवले होते.

पर्यवेक्षक म्हणाले, "मैडम, कॉपी दे दीजिए." इकडे उत्तरपत्रिकेला कॉपी म्हणतात.

शुभांगी म्हणाली, "सर, मेरा एक घंटा और है."

"मेरे पास कोई ऑर्डर नहीं है, बेटा."

"ऑफिस में है सर. रोज़ मिलता है."

"ऑफिस में अब कोई नहीं है." ते खुर्चीतून उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, जणू आम्ही दोघं एका बाजूचे आणि ती एकटी पलीकडची. "मैडम, आप तो पढ़ी-लिखी हैं, समझदार हैं. बच्ची को क्या समझाऊँ? आप ही दे दीजिए."

पढ़ी-लिखी. महिनाभर त्या बाबूच्या 'सिर्फ बारहवीं'नं सोललेल्या माझ्या जिवाला ते दोन शब्द इतके गोड लागले, की काय सांगू. त्या माणसाला मी ग्रॅज्युएट वाटले होते. समजूतदार, सुशिक्षित बाई नियमासाठी भांडत बसत नाही. ऑफिसाचं दार दहा पावलांवर होतं. मी उठून बघितलं असतं तर? बघितलं नाही. शुभांगी पुढचं वाक्य जुळवत समोर तोंड करून बसली होती. मी उत्तरपत्रिका तिच्यासमोरून उचलली, टेबलापाशी गेले आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी 'थँक्यू' म्हणून मान डोलावली. मी 'वेलकम' म्हणाले. होय, म्हणाले.

वळून बघते तर शुभांगीचा हात बाकावर उत्तरपत्रिका शोधत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग बाकाच्या कडेवरून खाली. "काकू, कॉपी?"

"सरांनी घेतली गं," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. मग तिनं तो मांडीवर घेतला.

बाहेर निंबाखाली मोहिते उभे होते. "कसा ग्येला?" त्यांनी विचारलं. शुभांगी म्हणाली, "वरचा तास मिळाला नाही. सरांनी घेतली कॉपी." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला तेव्हा हायसं वाटलं. तिला कळलं नाही, असं वाटलं.

निकाल लागला तेव्हा उन्हाळा सरून गेला होता. बाकी सगळ्या विषयांत पास, राज्यशास्त्रात थोडक्यासाठी राहिली. थोडक्यासाठी म्हणजे त्या दोनांपैकी एक प्रश्न लिहिला असता तरी भागलं असतं. मोहिते अर्ज घेऊन आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर आले. फौजी माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. विद्यापीठाकडे तक्रार करायची, हक्काचा वेळ दिला नाही म्हणून पेपर पुन्हा घ्या म्हणायचं. पण खोलीत तिसरी मीच होते. लेखनिकानं काय घडलं ते लिहून सही केल्याशिवाय अर्ज कुणी घेत नव्हतं.

"वहिनी, फकस्त झालं त्ये लिवा," ते म्हणाले.

झालं ते! मी त्यांना पोहे दिले. म्हणाले, उद्या लिहून ठेवते. ते गेल्यावर हे म्हणाले, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस? चौकशी लागली तर तुझी गुणपत्रिका सगळीकडे फिरेल." त्यांचं म्हणणं मला पाहिजेच होतं, मी ते घट्ट धरलं. दुसऱ्या दिवशी मोहित्यांना फोनवर सांगितलं, मनगट फार दुखतंय, पेन धरवत नाही. पुढच्या आठवड्यात सांगलीला निघून गेले. अर्जाची मुदत गेली. पूरक परीक्षेला पुन्हा लेखनिक हवा होता. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, हात जोडलेली चित्रं आली, आणि मी मनगटाला पट्टा बांधून गणपतीच्या बैठकीला गेले, सगळ्यांना दिसावा म्हणून. शुभांगी परीक्षेला बसली नाही. त्या वर्षीपासून ती गायलाही आली नाही. कुणी विचारलं नाही. एक नवी मुलगी भरतनाट्यम करायला मिळाली होती.

तीन वर्षं गेली तशी. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. उलट दामलेबाई मला भेटल्या की म्हणायच्या, "तुम्ही किती केलंत तिच्यासाठी!" मी मान खाली घालायचे, तर त्यांना तो विनय वाटायचा. आपलं पाप कुणी पकडलं नाही की माणूस सुटतो, असं मला वाटायचं. कसलं सुटतो! फाटकाबाहेर ओठ हलवणाऱ्या मुली बघितल्या की मी रस्ता बदलायला लागले.

आणि यंदा दामलेबाईंचा फोन आला. मंडळानं दिव्यांगांसाठी काहीतरी करायचं ठरवलंय, पाडव्याला सुरुवात. पहिला सत्कार माझा. शाल, श्रीफळ, मानपत्र. "आणि शुभांगीच्याच हातून फुलं देऊ या. एक अभंगही होऊन जाईल. तुमचं ऐकेल ती, तुम्हीच आणा तिला." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. माझी ही सवय कधी सुटणार कोण जाणे.

परवा दुपारी सांगानेरला गेले. फाटकावर मोहिते खुर्ची टाकून बसले होते. फार म्हातारे झालेत. मला बघून उठले, नमस्कार केला, "आत हाय बघा," म्हणाले. त्यांच्या वागण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

आत लांब शेडमध्ये बायका रांगेनं बसून कागद निवडत होत्या. शुभांगी टोकाला, भिंतीकडे तोंड करून. तिला उजेड लागत नाही म्हणून उजेडाची जागा दुसऱ्यांना. समोरच्या लाकडी फळीवरच्या प्रत्येक तावावरून ती दोन्ही तळवे फिरवायची, कुठं गाठ, कुठं पातळ, ते बघायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायची. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले.

"काकू," ती म्हणाली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"कसं ओळखलंस गं?"

"बांगड्या." ती कागदावरून हात फिरवतच राहिली. "त्याच आहेत ना?"

मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि सत्काराचं सांगायला लागले. कसं सांगितलं देव जाणे. पाडवा, फुलं, अभंग. ती ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "त्या दिवशी सरांचे बूट हलले नाहीत."

मला पाणी प्यावंसं वाटलं.

"खुर्ची पण सरकली नाही. तुमच्या बांगड्या टेबलाकडे गेल्या आणि परत आल्या." आवाज शांत. हिशोब सांगावा तसा. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस? बाबांना का नाही सांगितलंस?" माझाच आवाज चढला. काय हा निलाजरेपणा, आणखी तिलाच विचारते आहे!

"मला वाटलं, तुम्ही स्वतःच लिहाल." तिनं एक ताव उजवीकडे ठेवला. "आज लिहाल, उद्या लिहाल, असं वाटत राहिलं. मग बाबा म्हणायला लागले, तूच हळू सांगत असणार, वेळेत झालं नसणार. अजून म्हणतात. मतलब, भांडून नाही म्हणत. कुणी आलं की सांगतात, पोरगी हुशार होती पण जरा हळू." पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मी हळू नव्हते, काकू."

मी रडले. शेडमधल्या बायका बघायला लागल्या. तिनं मला रडू दिलं, डोक्यावर हातबित काही ठेवला नाही. मग ढिगातून एक ताव ओढला, गुलाबाच्या पाकळ्या घातलेला, कडा वेड्यावाकड्या. गाठ असलेला, डावीकडच्या ढिगातला. तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "पेन आहे?"

"आता त्याचा काय उपयोग गं? मुदत केव्हाच..."

"विद्यापीठाला नको. लिहा."

पर्समध्ये पेन होतं. मनगट ठणकत होतं. ती सांगायला लागली, हिंदीत, पूर्वी पेपर सांगायची तशी, सावकाश आणि नेमकं. तारीख, विषय, जिन्याखालची खोली. घंटा झाली तेव्हा दोन प्रश्न बाकी होते. परीक्षार्थीला दोन्ही येत होते. टकटक. मी लिहीत गेले. जाड कागदावर शाई पसरत होती, पाकळी आली की पेन अडखळत होतं. मग ती थांबली. "पुढचं तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंय."

मी लिहिलं आणि तिनं म्हटलं, "वाचून दाखवा."

मी वाचलं, "इसके बाद सर ने कॉपी ले ली."

टकटक आली नाही. तिचं बोट लाकडावर वर उचललेलं तसंच राहिलं. मला कळत होतं ती कशाची वाट बघतेय. तीन वर्षं ती त्याचीच वाट बघत होती. मी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं. बांगड्या वाजत होत्या, आणि ती ऐकत होती.

"वाचा."

"इसके बाद कॉपी मैंने उठाकर सर को दे दी. उन्होंने छीनी नहीं. परीक्षार्थी को मैंने झूठ बताया. वह धीमी नहीं थी."

तिनं एकदा टकटक केलं. मी खाली सही केली, आणि सहीखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, लिहिलं, बारहवीं पास.

"आता बाबांना हाक मारते," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. त्यांना तुम्हीच वाचून दाखवा."

तिनं फाटकाच्या दिशेला तोंड करून हाक मारली. खुर्ची सरकली, मग बुटांचा आवाज फरशीवरून हळूहळू आमच्याकडे यायला लागला. माझी पर्स खांद्यालाच होती आणि शेडचं मागचं दार उघडं होतं. मी कागद हातात धरून बसून राहिले.